गायकवाडांच्या लग्नातला एक फोटो

१४ डिसेंबर, रविवार
नवघर रोडच्या हॉलमध्ये प्रज्ञा गायकवाडचं लग्न. दुपारपर्यंत फार चांगला दिवस. पंचशील झालं, फुलं उधळली, सगळे पांढऱ्या कपड्यांत, खिडकीतून येणारा उजेड मऊ. फोटोसाठी कुणालाही 'इकडे बघा, हसा' म्हणावं लागलं नाही. तीच माझी अट असते. प्रज्ञाने तेवढ्यासाठीच मला बोलावलेलं. म्हणाली होती, "ताई, आम्ही जसे आहोत तसेच दिसू देत."

संध्याकाळी जेवताना तिचे वडील कोसळले. ताटासकट. मुलीबरोबर नाचून येऊन नुकते बसले होते. आधी हसण्याचा आवाज, कुणाला वाटलं खुर्ची सरकली. मग कळलं. रिक्षात घालून हॉस्पिटलला नेलं.

मी कॅमेरा उचललासुद्धा नव्हता. तरी गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "ओ मॅडम, आता तरी फोटो नका काढू!" सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. पेपरात फोटोग्राफर होते तेव्हा हे कितीदा ऐकलंय. पडलेल्या इमारतीपुढे, पुरात. तेव्हा लागायचं नाही. मी कामावर असायचे.

१५ डिसेंबर
गायकवाड आयसीयूत. प्रज्ञाच्या नवऱ्याचा मेसेज, 'क्रिटिकल आहे.'

फोटो लॅपटॉपवर घेतले. एकेक बघत गेले. आणि एका फोटोपाशी थांबले.

स्टेजच्या मागचा पडदा. लाल खुर्च्यांची थप्पी. तिच्याशेजारी गायकवाड बसलेत, एक हात छातीवर, मान जरा कलती. समोर त्यांची बायको सुमनताई वाकलेली, त्यांच्या तोंडात गोळी ठेवतेय. पडद्याच्या फटीतून उजेडाची एक पट्टी थेट त्यांच्या चेहऱ्यावर. आणि ते बघताहेत त्या फटीतून, स्टेजवर बसलेल्या मुलीकडे.

काल हा फोटो काढताना अंगावर काटा आला होता. मनात म्हणाले, बाप. मुलगी चाललीय म्हणून आत जाऊन रडतोय आणि बायको समजूत काढतेय. चार फ्रेम घेतल्या, खूश होऊन निघाले.

गोळी आज दिसली. मोठं करून पाहिलं तेव्हा कपाळावरचा घामही दिसला.

हे सगळं नाचाच्या बरंच आधी.

१६ डिसेंबर
गायकवाड गेले. पहाटे.

स्मशानात गेले होते, कॅमेरा न घेता. हातांचं काय करायचं कळेना. प्रज्ञाच्या हातांवरची मेंदी अजून गडद आहे. तिने मला पाहिलं, पण ओळखलं नसावं.

१८ डिसेंबर
प्रज्ञाचा फोन. आवाज सपाट.
"ताई, पुढच्या गुरुवारी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आहे. तिथे ठेवायला पप्पांचा फोटो हवाय. आधार कार्डावरचा नको. लग्नातला द्या. आणि बाकीचे पण सगळे द्या. सगळे म्हणजे सगळे. मी बसून बघणारे."
हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार.

१९ डिसेंबर
दुपारी बेल वाजली. दारात सुमनताई, एकट्याच. खारीच्या त्यांच्या घरून चालत आलेल्या. पाणी दिलं तर पेला नुसता हातात धरून बसल्या.

"मॅडम, त्या पडद्याजवळ तुम्ही होता. मला कॅमेऱ्याचा आवाज आला होता."
मी मान डोलावली.
"तो फोटो पोरीला नका दाखवू."

मग सगळं सांगितलं. डॉक्टर दिवाळीनंतरच म्हणाले होते, दाखल व्हा. गायकवाड म्हणाले, लग्न उरकू दे. मुलीला काही सांगितलं नाही. लग्नाच्या दिवशी छातीत कळा सुरू झाल्या तेव्हाही तेच. "मला म्हणले, सुमन, माझी शपथ आहे तुला, कुणापाशी बोलायचं न्हाई, पोरीचं लग्न मोडायचं न्हाई. मी जिभेखाली गोळी दिली आन् गप बसले. थोडं बरं वाटतंय म्हणले. म्हणून जाऊ दिलं बाहेर."
मग पेला खाली ठेवून, "पोरगी म्हणंल, तूच मारलंस माझ्या बापाला."

मी म्हटलं, "सुमनताई, मी पण तिथेच होते. मीही पाहिलं आणि काही केलं नाही."
"तुम्हाला काय म्हाईत, मॅडम? तुम्ही तुमचं काम करत होता."
समजूत म्हणून म्हणाल्या. तेच जास्त लागलं.

नाही दाखवणार, असं कबूल केलं. त्या वेळी दुसरं शक्यच नव्हतं.

२० डिसेंबर
पेनड्राइव्ह पाठवला. पडद्यामागच्या चारही फ्रेम काढून. पुसल्या नाहीत, माझ्याकडे आहेत. पुसणं मला जमत नाही, कधीच जमलं नाही.

माझा नवरा सतीश बँकेतून आल्यावर त्याला दाखवलं. चारही फ्रेम पाहिल्या आणि म्हणाला, "दे नाहीतर नको देऊ. पण काय ते तूच ठरव. आता वर संपादक नाही बसलेला."
खरं आहे. पेपरात मी काढायचे, छापायचं की नाही ते दुसरा ठरवायचा. तो जे ठरवेल त्यावर चहा पिता पिता नावं ठेवायची. सोपं होतं.

२२ डिसेंबर, सोमवार
प्रज्ञाचा फोन. अकाउंट्समध्ये आहे ती, नजर तशीच.
"ताई, फाइलचे नंबर मध्येच तुटलेत. रिसेप्शनच्या आधीचे काही फोटो नाहीयेत."
"खराब आले होते ते."
"पप्पांचे होते का?"
"नाही गं. हलले होते."
खोटं बोलले. सरळ, न अडखळता. फोटोबद्दल मी कुणाशी कधी खोटं बोलले नव्हते. हीच एक गोष्ट स्वच्छ ठेवली होती इतकी वर्षं.

ती फोन ठेवेल असं वाटलं, पण ठेवेना. मग म्हणाली, "तो नाचतानाचा फोटो आहे ना, मी त्यांचा हात धरून ओढतेय तो. तो मला डिलीट करायचाय. ते नको नको म्हणत होते, ताई. मला वाटलं लाजतायत. सगळे बघत होते म्हणून आले बिचारे. मी ओढून नेलं नसतं तर आज असते."
"असं नसतं, प्रज्ञा."
"असंच आहे. मला माहितीये."

घरात कुणाला बोलली नाही म्हणे. आईला तर नाहीच. आईला आधीच इतकं झालंय.

दिवसभर काही सुचलं नाही. प्रज्ञा सध्या माहेरीच, म्हणजे दोघी एकाच घरात, एकीपासून दुसरी लपवतेय. दोघींचं गुपित माझ्यापाशी.

२३ डिसेंबर
खारीला गेले. प्रज्ञा सासरच्या माणसांबरोबर कार्यक्रमाच्या खरेदीला बाहेर गेलेली, हे विचारूनच गेले. सुमनताई गायकवाडांचे शर्ट घडी करून पिशवीत भरत होत्या, कुणाला तरी द्यायला.

सांगून टाकलं. "तिला वाटतंय, तिने नाचायला ओढलं म्हणून ते गेले."
हात थांबले. "कोण म्हणलं?"
"तीच. काल फोनवर."
"मला न्हाई बोलली कधी."
"तुम्हाला कशी बोलेल?"

बराच वेळ शर्टाचं एकच बटण लावत, काढत राहिल्या. खालून भाजीवाल्याची हाळी, 'मटर ले लो, ताज़ा मटर'. शेवटी म्हणाल्या, "कार्यक्रम होऊ द्या. मग सांगते. पण माझ्या एकटीच्यानं न्हाई व्हायचं. तुम्ही या. फोटो घेऊन या."

कार्यक्रम होऊ द्या. लग्न उरकू द्या. मनात आलं.

२५ डिसेंबर, गुरुवार
पुण्यानुमोदन. फोटो प्रज्ञाने निवडलेला, पाहुण्यांना पाणी देतानाचा, हसरा. बरीच माणसं आली होती. एका म्हाताऱ्या नातेवाइकाने माइकवर सांगितलं, "पोरीचं लग्न डोळ्यांनी बघून गेला, भाग्यवान माणूस." प्रज्ञा उठून बाहेर गेली. सुमनताई खाली बघत बसल्या. मी मागच्या रांगेत.

निघताना सुमनताईंनी हात धरला. "रविवारी."

२८ डिसेंबर, रविवार
जाऊन आले. लगेच लिहून ठेवते.

तिघीच होतो. सुमनताई म्हणाल्या, "प्रज्ञा, बस. मॅडमकडं तुझ्या पप्पांचा एक फोटो हाय." माझ्याकडे पाहिलं. मी लॅपटॉप उघडला.

प्रज्ञाने पाहिलं. आधी वडिलांकडे, मग छातीवरच्या हाताकडे, मग आईच्या बोटांतल्या गोळीकडे. फोटो काढल्याची वेळ खाली होती, तीही वाचली. मला वाटलं, आता आईकडे वळेल. ती माझ्याकडे वळली.

"तुम्ही तिथे होता?"
"हो."
"किती जवळ?"
"पडद्यामागच्या दारात. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्याएवढी."
"आणि तुम्हाला काय वाटलं?"
"वाटलं, तू चाललीस म्हणून रडतायत."

ती बघत राहिली. रागाने नाही. राग असता तर बरं झालं असतं. मग फोटोवर परत गेली आणि अगदी हळू म्हणाली, "माझ्याकडेच बघतायत ना?"
"हो."

सुमनताई उठून आत गेल्या. थोड्या वेळाने प्रज्ञा गेली मागोमाग. स्वयंपाकघराचं दार लोटलं, पण नीट लागलं नाही. लॅपटॉप तसाच उघडा. मला बसल्या जागेवरून दोघी दिसत होत्या, ओट्यापाशी, एकमेकींकडे पाठ करून. प्रज्ञाचा आवाज आला, "आई, मला का नाही सांगितलंस?"

सुमनताईंनी मान वर केली. काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

मी लॅपटॉप तिथेच ठेवला. चपला हातात घेतल्या आणि आवाज न करता दार ओढून घेतलं.