लांब्याला अजून लांब व्हायचंय

चि. धाकटीस,

थोरलीचे पोटभर आशीर्वाद. इकडे आम्ही सगळे खाऊनपिऊन बरे आहोत, तिकडे तुम्हीही तसेच असाल असं धरून चालते. तुझा गुडघा काय म्हणतो? माझा डावा कुरकुरतो, उजवा अजून शहाण्यासारखा गप्प आहे. तुझ्या घरच्यांना खोकल्याचं औषध समोर उभी राहून दे (ते घेतो म्हणतात आणि कुंडीत ओततात, मागच्या खेपेला मी पाहिलंय). अक्षर लावून लावून वाच. चौथीपर्यंतच्या शाळेत जेवढं पदरात पडलं तेवढ्यावरच आजवर निभावतेय.

तर पत्राला कारण आपला लांब्या. माझा नातू म्हणून सांगत नाही, पण असा देखणा पोरगा आपल्या खानदानात झाला नाही. आपली माणसं कशी, सगळी एका मापाने कापल्यासारखी बुटकी. आमचे हे तर दुकानात पाटावर उभे राहून गिऱ्हाइकांचे केस कापायचे, मुलगाही त्यांच्यावरच गेला. आणि त्या मुलाच्या पोटी हा एकाएकी पाच फूट अकरा. (सूनबाई म्हणते तिच्या माहेरचं आहे. तिच्या माहेरची माणसं मी पाहिली आहेत, पण जाऊ दे.) माळ्यावरचे डबे तोच काढतो, पंखे तोच पुसतो, शेजारणीसुद्धा दिवा गेला की शिडी न मागता लांब्याला मागतात. आता वडिलांबरोबर दुकानात उभा असतो. हात इतका हलका की गिऱ्हाईक खुर्चीत झोपतं.

या पोराने एक दिवस जेवताना सांगितलं, मी पाय लांब करून घेणार आहे. मला वाटलं पँटबद्दल बोलतोय. म्हटलं, दे इकडे, शिलाई उसवून देते. तर म्हणे पँट नाही, पाय! डॉक्टर मांडीचं हाड कापतो, आत दांडी घालतो आणि मग ते हाड रोज केसभर, रोज केसभर ताणत न्यायचं, मधल्या जागेत नवीन हाड भरतं. कितीतरी महिने धड चालायचं नाही. सूनबाईच्या हातातला डाव आमटीत बुडाला. मुलगा म्हणाला, अरे, तू बुटका असतास तर समजलं असतं. तर हा म्हणतो, बाबा, तुम्हाला नाही कळायचं, तुम्ही लहानपणापासून बुटके आहात.

आणि हे कधी, तर लग्न पुढच्या महिन्यावर आलेलं असताना. मुलगी चष्म्याच्या दुकानात आहे, बारीकशी, पण बोलणं असं की समोरच्याची नजर सुधारते. हा तिला म्हणाला, लग्न वर्षभर पुढे ढकलू, मग मी मांडवात उठून दिसेन. ती म्हणाली, "मला चालत आलेला नवरा हवाय, ढकलत आणलेला नको. ठरव आणि रविवारपर्यंत सांग." एवढं बोलून चहा न पिता गेली. सूनबाई रडायला बसली, मुलगा उगाच कात्र्यांना धार लावत बसला, मग उरलं कोण? मी. मी म्हटलं, मला घेऊन चल त्या डॉक्टरकडे, बघू तरी काय दुकान मांडलंय.

धाकटे, तुला काय सांगू! मला वाटलं होतं तिथे आपल्यासारखी माणसं दिसतील, चार सुखदुःखाच्या गोष्टी होतील. बाकावर बघते तर सगळे विजेचे खांब! एकेकाचे गुडघे छातीला लागलेले. मी काय गप्प बसते? बसल्या बसल्या सगळ्यांची चौकशी केली. एकाचा धाकटा भाऊ त्याच्यापेक्षा दोन बोटं उंच झाला, तेव्हापासून घरात त्याला थोरला वाटतच नाही. दुसरा बँकेत साहेब, त्याच्या हाताखाली नवीन आलेला मुलगा वरून बघून 'हो सर' म्हणतो. तिसऱ्याने लग्न जमवताना आपली उंची थोडी वाढवून सांगितली होती, आता बोललेलं खरं करायला आलेला. (निदान तो शब्दाचा पक्का.) आणि सगळ्यात उंच होता त्याचं एकदा करूनही झालं होतं. म्हटलं, मग परत कशाला? तर म्हणे, केलं पण कोणाच्या लक्षातच आलं नाही, आजी. माझ्या डोक्याला मुंग्या आल्या. यांच्यापैकी एकालाही वरचा डबा काढता येत नव्हता असं नाही गं!

डॉक्टर मात्र माणूस बरा निघाला. म्हणाला, बुटक्यांना समजावता येतं, उंचांशी बोलताना माझा घसा बसतो, कारण त्यांना काय कमी आहे ते त्यांनाच सांगता येत नाही. मग लांब्याला विचारलं, तुला बुटका म्हणतं कोण? हा खाली मान घालून म्हणाला, कोणी म्हणत नाही, दुकानातल्या आरशात रोज दिसतं. डॉक्टरने विचार करायला सांगून घरी पाठवलं. हा विचार करतोय कसला, दाराच्या चौकटीखालून जाताना उगाच वाकायची सवय करत होता.

मी म्हटलं, आरसाच बघायचा आता. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात जाऊन कोपऱ्यातल्या बाकावर ठाण मांडलं. मुलगा म्हणाला, आई, गिऱ्हाइकं बुजतात. म्हटलं, बुजू देत. आता दुकान कसं आहे ते नीट समजून घे. गेल्या वर्षी त्यांनी नवीन खुर्च्या आणल्या, चांगल्या गुबगुबीत, पायाने दाबलं की वरखाली होणाऱ्या. पण दुकान तेवढंच आणि खुर्च्या हत्तीएवढ्या, त्यामुळे खुर्ची आणि आरशाखालचा ओटा यांच्यात उभं राहायला जागाच उरली नाही. केस कापून झाले की गिऱ्हाईक उठतं, पण फरशीवर उतरत नाही. खुर्चीला पाय ठेवायची जी लोखंडी पट्टी आहे तिच्यावरच उभं राहतं, मान वळवून वळवून स्वतःला बघतं. मागे आपला लांब्या हातातला छोटा आरसा धरून फरशीवर उभा. आणि मोठा आरसा ओट्याच्या वर! त्यात नुसती डोकी दिसतात, पाय कोणाचेच नाहीत. दिवसभर हा सगळ्यांची डोकी आपल्या डोक्याच्या वर जाताना बघतो आणि खुर्च्या आल्यापासून झुरतोय. मुलगाही बघत होता, पण त्याला त्यात नवीन काय वाटणार? त्याच्या डोक्यावरून जन्मभर सगळेच जात आलेत.

मला हसू आवरेना. लांब्या चिडला, काय झालं म्हणाला. मी एवढंच म्हटलं, "बाळा, त्यांना खाली उतरव."

तेव्हा एक धिप्पाड ट्रकवाला पट्टीवर उभा होता. लांब्याने हाताला धरून त्याला बाजूला फरशीवर उतरवलं. त्या माणसाचं डोकं लांब्याच्या कानापर्यंतच आलं. लांब्याने मग पट्टीकडे बघितलं, ट्रकवाल्याकडे बघितलं, परत वर चढा म्हणाला, परत उतरा म्हणाला. ट्रकवाला बिचारा चढला-उतरला आणि मग विचारायला लागला की आणखी काही करायचंय का, माल उतरवायचा राहिलाय. त्या दिवशी आलेल्या प्रत्येकाला लांब्याने असं उतरवून पाहिलं. एक फोटोवाला तेवढा खरंच त्याच्यापेक्षा उंच निघाला. म्हटलं, झालं, आता परत डॉक्टर. पण लांब्या त्याला म्हणाला, तुम्ही बाकी उंच आहात हं. आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली. संध्याकाळी डॉक्टरला नको म्हणून कळवलं आणि स्वतःच्या पायांनी चष्म्याच्या दुकानात गेला. तिने त्याला खूप झापलं म्हणे, आणि मग चहा पाजला. लग्न ठरल्या दिवशीच आहे. मला इतका आनंद झालाय की कोणाला सांगू आणि कोणाला नको. माणसाला देवाने एवढं दिलेलं असताना बोटभर उंचीसाठी काय हा जीव टाकायचा, सांग बरं!

घरातल्या सगळ्यांना आशीर्वाद, लहानांचे पापे.

तुझी,
थोरली

ता. क. लग्नाला चार दिवस आधी ये. आणि मुख्य सांगायचं राहिलं. त्या टाचेच्या चपला आणू नकोस, सपाट आण. तू माझ्यापेक्षा चार बोटं उंच, तुझ्या मुलीच्या लग्नातल्या फोटोत तू माझी आई दिसतेस आणि मी कोणाची तरी हरवलेली पोर. फोटोवाला आला की तू खुर्चीवर बसून घे, गुडघा दुखतोय म्हण. मी मागे उभी राहीन.

ता. क. दुसरं. तू बसशीलच याची खात्री नाही, म्हणून मीही जाड तळाच्या चपला घेऊन ठेवल्यात. लांब्याला अजिबात सांगू नकोस. त्या घालून मला दोन पावलंही धड टाकता येत नाहीत, पण फोटोत कुठं चालायचंय?