शाळेच्या व्हरांड्यातली जागा

मी, काशम्मा वीरभद्रप्पा कोरे, वय अडुसष्ट, राहणार शुक्रवार पेठ, सोलापूर, हे मृत्युपत्र कुणाच्याही दडपणाशिवाय स्वतःच्या हाताने लिहिते. डोके शाबूत असल्याचे डॉक्टरांनी तपासून सांगितले आहे. पुढचे वाचून कुणाला तसे वाटले नाही तर तो त्याचा प्रश्न.

१. दुकानातला तराजू व वजने पुतण्या ईरप्पाला द्यावीत. माझी जाऊ सावित्रम्मा हिला काहीही देऊ नये. माझी रुद्राणी गेली तेव्हा "सुटलीस बघ" असे ती म्हणाली होती. ते अजून माझ्या घशाखाली उतरलेले नाही.

२. रुद्राणी माझी एकुलती एक मुलगी. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हते. आम्ही दोघी हातांनी बोलत असू. मी दिवसभर दुकानात गूळ फोडायची, म्हणून मूठ तळहातावर मारली की त्याचा अर्थ आई. ही खूण आम्हा दोघींखेरीज कुणालाच ठाऊक नव्हती.

समोरच्या शाळेत वच्छलाबाई तेव्हा नव्याने लागल्या होत्या. बाई वाईट नव्हत्या, पोरीला कधी छडी लावली नाही. पण ऐकू येत नाही म्हणजे समजतही नाही, हे त्यांच्या मनात पक्के बसले होते. "कशाला तिला त्रास? बसू दे बाहेर मोकळ्या हवेत," म्हणाल्या आणि तिला व्हरांड्यात बसवले. चैत्रातल्या एका दुपारी तिथे ऊन शिरले. शाळा सुटली, मुले घरी गेली, ती भिंतीला टेकून बसूनच राहिली. बाईंना वाटले, हिला घंटा ऐकू आली नसेल. मी दुकान टाकून धावले तेव्हा तिचा जीव गेलेला होता.

३. मागच्या खोलीत केम गावच्या गोजरबाई भाड्याने राहतात. त्यांनी तिथे हयातभर राहावे, भाडे मागू नये. त्यांची नात मथुरा, वय सहा, हिलाही ऐकू येत नाही. गेल्या जूनमध्ये तिला शाळेत घातले. वच्छलाबाई आता मुख्याध्यापिका आहेत. त्यांनी मथुरेला त्याच जागी बसवले, तितक्याच मायेने.

मी खिडकीतून बघते. मथुरा बसताना सरकून शेजारी जागा करते. खाऊ मोडून अर्धा बाजूला ठेवते. गोजरबाई म्हणाल्या, "आवो, म्या बी बघितलंय की. रिकाम्या भिताडाकडं बघून हात हलवती, मग हसती. लई भ्या वाटतं." भीती मलाही वाटली, खोटे कशाला बोलू? मग श्रावणात एकदा मथुरेने माझ्या खिडकीकडे पाहिले आणि मूठ तळहातावर मारली. माझे दुकान ती जन्मायच्या आधीच बंद झाले. मला गूळ फोडताना तिने कधी पाहिलेले नाही. मी त्या दिवशी पोटभर रडले.

४. मथुरा वर्गात गेली तर माझी पोर पुन्हा एकटी पडेल, म्हणून तिला आत घ्या म्हणायला माझी जीभ रेटत नव्हती. पण मथुरा हल्ली दुसऱ्या मुलांकडे बघतही नाही. रविवारीही तिथेच जाऊन बसते. परवा उचलून आणली तेव्हा अंग चटका बसेल इतके तापले होते. चैत्र तोंडावर आला आहे, आणि डॉक्टर मला पाडवा दिसेल असे म्हणत नाहीत. वच्छलाबाईंना बोलावून सांगितले. त्या म्हणाल्या, "काशम्मा, तिला काही कळत नाही हो. मला काय हौस आहे?"

तेव्हा माझ्या पुढच्या दोन खोल्या, ज्या शाळेला वर्गासाठी हव्या आहेत, त्या एकाच अटीवर द्याव्यात. मथुरेला वर्गात पहिल्या ओळीत, बाईंचे ओठ दिसतील असे बसवावे आणि पुढे कुणाही मुलाला दयेपोटी बाहेर काढू नये. अट मोडल्यास ईरप्पाने तिथे पिठाची गिरणी घालावी. मग वर्गात कुणालाच ऐकू येणार नाही, आणि बाईंना सगळ्यांनाच बाहेर बसवावे लागेल.

५. मथुरेला आत घेतल्यावर तिच्या जागी कुंडी किंवा माठ ठेवू नये. तिथे मी येणार आहे. आम्हा लिंगायतांत मेलेल्या माणसाला बसवूनच मूठमाती देतात, त्यामुळे बसा म्हणून मला वेगळे सांगावे लागणार नाही. मथुरेने आतून हात हलवला तर तिला दटावू नये, पण बाहेर सोडू नये. रुद्राणीजवळ मी आहे.

हे सर्व मी साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवले आणि त्यांच्यासमोर सही केली.

सही: काशम्मा वीरभद्रप्पा कोरे

साक्षीदार:
१. सिद्रामप्पा हत्तुरे, शुक्रवार पेठ
२. कोंडीबा माने, टेंभुर्णी

सोलापूर, ता. ११ मार्च १९७४