बाकाचं ते टोक

मंगळवार, २३ नोव्हेंबर २००४
रत्नागिरी

आजही तेच. दवाखाना आम्हा दोघा नवरा-बायकोचा, बाहेर बाक एकच. पण संजयच्या दाराकडचं टोक गच्च भरलेलं आणि माझ्याकडे एकट्या पूर्णगडच्या शमीमभाबी. साध्या तापालाही तो भारी अँटिबायोटिक देतो. मी म्हणते, थांबा, आधी तपासणी करू. कोण थांबणार? जळफळाट होतो माझा. इथे लिहायला कसली लाज?

भाबींच्या लघवीचा रिपोर्ट आला. नेहमीचं एकही औषध लागू पडत नाही.

"डॉक्टरीणबाई, तुमच्याशिवाय कोणाची गोळी घेतली नाय मी," त्या म्हणाल्या.

खरं आहे. भारी औषध त्यांच्या पोटात कधी गेलंच नाही. पण औषधाला दाद न देण्याचं जनुक एक जंतू दुसऱ्याला देतो, अगदी वेगळ्या जातीच्या जंतूलासुद्धा, आणि ते पाण्यातून, हातांवरून घरोघर फिरतात. औषधं खाल्ली बाकाच्या त्या टोकानं, भोगायचं माझ्या भाबींनी. संजयमुळेच कशावरून? गावात सगळेच देतात. तरी मला त्याचंच नाव सुचलं.

आणि खोटं कशाला, क्षणभर बरंही वाटलं. रिपोर्ट नेऊन त्याच्या टेबलावर आपटावा. मग शेवटची ओळ वाचली. लागू पडेल असं एकच इंजेक्शन उरलंय, शिरेतून द्यायचं. ते त्याच्याकडे असतं. खाटाही त्याच्याच बाजूला.

म्हणजे बरोबर मी ठरले आणि पेशंट त्याचा वाढला. उद्या भाबींना मीच सांगायचं, जरा तिकडे सरकून बसा.