जोडाच्या रेघेतली सुई

अण्णा, तुमची शेवटची गोधडी आज दुपारपासून मांडीवर घेऊन बसले आहे.

गारखेड्यातल्या तुमच्या दुकानात पँटच्या कापडाची कातरण साठायची. ती तुम्ही मशीनवर जोडायचात, आणि कापड जाड म्हणून प्रत्येक शिवण मागून फाकवून कोळशाच्या इस्त्रीनं सपाट बसवायचात. मग आत जुनं लुगडं घालून हाताचे धावदोरे. लग्न ठरल्यावर मी माझी पहिली गोधडी शिवायला घेतली, तेव्हा मला वरून टाके दिसायला नको होते. शिंप्याची लेक ठिगळं घेऊन आली, असं सासरी कुणी म्हणायला नको. म्हणून मी सुई जोडाच्या रेघेतच घालत होते. तुम्ही इस्त्री बाजूला ठेवलीत. "बाई, तिथं कापड नाय, नुसता दोरा हाय. सुई त्यालाच कापती. दोन्ही अंगांनी जवभर सोडून घाल." मी ऐकलं नाही. हट्टात मी तुमचीच लेक. तुम्ही मला दोऱ्याला मेण लावून देत राहिलात.

पहिल्याच धुण्यात ती गोधडी मधोमध उकलली. मी गुपचूप तुम्ही सांगितलं तशी पुन्हा शिवली. दिवाळीला आले, तुम्ही विचारलंत, जोड टिकले का, आणि मी ठणकावून हो म्हटलं. तुम्ही इतके खूश झालात की पुढं मला बोलवेना. येईल त्या गिऱ्हाइकाला तुम्ही सांगायचात, "जल्मभर उगंच दोन्हीकडून शिवलं. पोरीनं शिकवलं मला." मला हसू यायचं आणि लाजही वाटायची. असू दे, म्हटलं, लेकीचं कौतुक आहे.

मग माझ्या मुलीसाठी तुम्ही ही शिवलीत, माझ्या पद्धतीनं. वरून एक टाका दिसत नाही, इतकी देखणी. तुमची आठवण म्हणून मी ती इतकी वर्षं बांधून ठेवली होती. यंदा मुलीला बाळ झालं म्हणून काढली, धुतली, आणि पाच जोड उकलले. आता मी दोन्ही अंगांनी शिवते आहे. तुमचे टाके उसवायला मात्र हात धजत नाही.

काल मुलीनं विचारलं, आजोबा एवढे कसबी, मग असं कसं झालं? मी म्हणाले, म्हातारपणी हात चुकला असेल. ती हळहळली. तुमचा हात चुकला नव्हता, अण्णा, तुम्ही माझा शब्द खरा मानलात. हे पत्र तुम्हाला कुठं पोचणार? ते तिच्या हातात द्यायला हवं. ती शेजारच्या खोलीतच आहे, आणि मी अजून दिलेलं नाही.