मंदाच्या बॅगेतली खसखस

सोम. २१ मे २०१८, पेण

सकाळीच निलेशचा फोन. मंदा, त्याची आई, शनिवारी तिकडे परदेशात उतरली ती विमानतळाबाहेर आलीच नाही. ज्यांच्याकडे स्वैपाकाच्या कामाला जायची होती, ती माणसं वाट बघून परत गेली. आज ते म्हणतात, आम्ही दुसरी बाई बघतो.

माझ्या लेकीला, वैशूला लावला, ती तिथेच असते. तिच्याकडेही मंदा पोचलेली नाही. "आई, मग डबा?" म्हणाली. आधी डबा, मग मंदामावशी. चिडणार होते, पण निलेशला मीही तेच विचारून बसले होते.

मंगळ. २२ मे

कळलं. धरलंय तिला.

निलेश रात्रपाळी करून तसाच रोह्याजवळच्या वरशाहून आला. चहा घेतला नाही. "मावशी, त्ये बोलतात आईच्या बॅगेत नशेचा माल गावला." मंदाच्या बॅगेत! जिने नातू झाल्यावर मिश्रीसुद्धा सोडली. मोबाइलवर एका कागदाचा फोटो होता, इंग्रजीत. वाचून दाखवायला मला दिला. दुसऱ्या ओळीत 'पॉपी सीड्स'.

खसखस. तिकडे ती अफूतच धरतात.

ती मी भरलेली. अधिक महिना, जावयाला तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं, आणि मंदा नेमकी त्याच गावी निघालेली. अनारशांवर खसखस, शिवाय वैशूला पाव किलोची वेगळी पुडी. बॅग जड झाली तेव्हा मंदाने स्वतःचे सुके बोंबील काढून ठेवले. मी नको नको म्हटलं, पण फार नाही म्हटलं. "जावयाचं वान हाय गो सुने. बोंबील काय, पुढच्या येळेला नेईन." सुनंदाची सुने मी तिच्यासाठी शाळेपासूनची.

निलेशला सांगितलं, डबा माझा. म्हणाला, "म्हाईत हाय." उठून गेला.

बुध. २३ मे

प्रशांतरावांचा स्वतःहून फोन. जावयाचा फोन सणासुदीला सोडून पहिल्यांदाच.

"आई, डबा आमच्यासाठी होता हे कोणाला सांगितलंत?"

म्हटलं, निलेशला माहीत आहे, घरात माहीत आहे.

"घरात ठीक आहे. कागदावर आमचं नाव येता कामा नये. इथे कंपनी उभ्याउभ्या परत पाठवते."

मंदा कशी आहे, कुठे ठेवलीय, एक शब्द नाही. यांच्याच लग्नात मंदा दोन दिवस चुलीपुढून हलली नव्हती. जेवणाचं कौतुक करत यांच्या मामांनी तिला आचारीण समजून बक्षिसी देऊ केली, तर ही हसत म्हणाली, मी नवरीची मावशी.

सोम. २८ मे

अलिबागला कलेक्टर कचेरीत, मंदाला सोडवायला सरकारने मदत करावी असा अर्ज घेऊन. निलेशला सुटी मिळत नाही, कंत्राटी कामगाराला कोण सुटी देतो. मी एकटी. तीन टेबलं फिरले. तिसऱ्या टेबलावरच्याने अर्ज वाचला आणि हसला. शेजारच्याला हाक मारून दाखवला, तोही हसला. "बाई, पुढच्या वेळी करंज्या पाठवा."

एकतीस वर्षं पोरांना अर्ज लिहायला शिकवलं. विषय थोडक्यात लिहावा, भाषा नम्र असावी. माझी भाषा आज नम्र राहिली नाही. अर्ज मात्र घेतला, शिक्का दिला, "वर पाठवतो" म्हणाला. वर म्हणजे कुठे ते त्यालाही माहीत नसावं.

आमदारांच्या ऑफिसात तर फोटो काढून घेतला. निवेदन देताना. माझा चेहरा कॅमेऱ्याकडे करा म्हणे.

शनि. २ जून

तिकडे आपल्या लोकांचं एक मंडळ आहे, त्यांनी मंदाला वकील मिळवून दिला. हिंदी बोलतो. घाईत असतो पण माणूस बरा वाटला. त्याने मला एकच सांगितलं: डबा कुणी दिला, कुणासाठी दिला, हे लेखी आणा, ती फक्त घेऊन जाणारी होती हे सिद्ध झालं तर सुटेल.

लगेच पेणच्या कोर्टाबाहेर प्रतिज्ञापत्र केलं. डबा मी भरला. मंदाला आत काय आहे ते ठाऊक नव्हतं. "सदर पदार्थास त्या देशात बंदी असल्याची मला कल्पना नव्हती." कुणासाठी, ते लिहिलं नाही. 'नातेवाइकांसाठी' लिहिलं. सही केली. नोटरीने चष्म्यावरून बघितलं, हसला नाही. इतक्या दिवसांत न हसलेला हा पहिलाच.

शुक्र. ८ जून

वकिलाचा निरोप. असं पत्र हिंदुस्थानातून कुणीही लिहून पाठवेल, म्हणतो. ज्याच्यासाठी डबा होता तो माणूस इथेच असेल तर त्याने समोर यावं. 'नातेवाईक' कोण?

ह्यांना ऐकवला निरोप. पेपर खाली न ठेवता म्हणाले, "जावयाचं नाव तू घ्यायचं नाहीस. लेकीचा संसार आहे."

मंदाचाही आहे, म्हटलं. तर म्हणाले, "तिचा झाला आता."

दोन दिवस ह्यांच्याशी बोलणार नाही. बोलले तर वाईट बोलेन.

बुध. १३ जून

अधिक महिना संपला. शेजारच्या काकूंनी विचारलं, "जावयाला वाण पोचलं का हो?" पोचलं म्हटलं.

रवि. १७ जून

मंदाशी बोलले. तिला आठवड्याला एक फोन देतात, तो निलेशला येतो. त्याने मलाही त्यात जोडून घेतलं. तीनेक मिनिटं. आवाज तसाच, मिठागरावरून हाक मारल्यासारखा. कासूच्या शाळेत दोघी एका पाटावर बसायचो. मी पुढे मास्तरीण झाले, ती शाळेची खिचडी शिजवायला लागली, पण मला सुने म्हणायची ती म्हणायचीच.

"सुने, रडू नको गो. हितं बाया बऱ्या हायत. भात देतात, पन मीठ नाय त्यात."

मग म्हणाली, "तुज्या पोरीचं नाव मी घेतलं नाय. डबा माजाच बोलले. तिच्या पदरात लेकरू हाय."

मंदे, असं कशाला म्हणालीस, असं मी म्हणाले. म्हणाले खरी. पण आधी काय वाटलं ते लिहिते, दुसरीकडे कुठे लिहिणार? सुटल्यासारखं वाटलं. छातीवरचं ओझं उतरलं. फोन बंद झाल्यावर निलेशने विचारलं, "मावशी, आता काय?" आणि मी त्याला म्हटलं, बघू.

बघू!

सोम. १८ जून

वकील भडकलाय. बाईने स्वतःच कबूल केलं, आता मी काय करू? डबा माझा म्हणजे खसखस माझी. वर्षं लागतील म्हणतो. नातेवाइकाचं नाव पुन्हा मागितलं. मी उत्तर दिलं नाही.

रवि. २४ जून

अर्जाला मंदाचा फोटो हवा होता म्हणून फोन चाळत होते. वैशूचे मेसेज वर वर सरकवत गेले. १४ मे. जसंच्या तसं उतरवते:

"आई खसखस पण पाठव ना पाव किलो. इथे मिळत नाही, आणू पण देत नाहीत. प्रशांत नको म्हणतोय. पण मंदामावशीच्या बॅगेत कोण बघणारे."

खाली माझं: "बरं. अजून काही?"

म्हणजे मला कल्पना होती. आणू देत नाहीत, हे शब्द वाचून मी बरं लिहिलं. तेव्हा वाटलं असेल, लोणचं नाही का काढून घेत, तसंच, फार तर टाकून देतील. पण बॅग कुणाची धोक्यात, हे तिनेही हिशेबात धरलं आणि मीही. वैशू स्वतः सुटीला आली होती तेव्हा तिच्या बॅगेत मी दिली असती का? नसती दिली.

विसरले होते असंही म्हणवत नाही. महिनाभर शंभरदा हा फोन हातात घेतला, १४ तारखेपर्यंत वर गेले नाही. मुद्दाम गेले नाही. आणि प्रतिज्ञापत्रावर सही ठोकून आले, वर अलिबागच्या कारकुनावर डाफरले.

ह्यांना दाखवलं. चष्मा लावून वाचलं, म्हणाले, "काढून टाक."

नाही काढला.

गुरु. २८ जून

वैशूशी बोलले. मेसेज वाचून दाखवला. तर म्हणाली, "तू पण बरं म्हणालीस ना?"

म्हटलं, "म्हणाले. मग आपण दोघींनी सांगू या."

"तू पेणला आहेस, आई. मला आत टाकतील इथे." रडायला लागली. मागे ओवी आजी आजी करत होती. तीन वर्षांची आहे.

प्रशांतने फोन घेतला. "आई, शांतपणे विचार करा. त्या बाईंना सहा-आठ महिन्यांनी सोडतील, परत पाठवतील. त्यांचं असं काय बुडणार आहे? त्यांना कुठे करिअर आहे?"

ही अक्कल इंजिनिअरिंगला शिकवतात का, असं विचारायचं राहून गेलं. फोन ठेवला. आजपासून ह्या वहीत त्याला अहो-जाहो नाही.

मंगळ. ३ जुलै

रोह्याला गेले. ह्यांना सांगितलं नाही.

निलेश दुपारपाळीच्या तयारीत होता. फोन त्याच्या हातात दिला, वाच म्हटलं. सावकाश वाचलं, दोनदा वाचलं.

"मावशी, तुमाला म्हाईत व्हतं?"

"व्हय."

"आईला?"

"नाय रे."

इतक्या वर्षांनी माझ्या तोंडी गावचं बोलणं आलं, तेही यासाठी. त्याने ओरडावं, निदान घराबाहेर काढावं असं वाटत होतं. त्याने डब्याला झाकण लावलं, पिशवीत घातला. म्हणाला, "पाठवायचं नायतर नाय, तुमचं तुमी बघा. आई बोलली सुनंदामावशीला तरास द्यायचा नाय. मी नाय द्यायचो." हे त्याने इतक्या सरळ सांगितलं की मला तिथे बसवेना.

त्याच्यासमोरच मेसेजचा फोटो वकिलाला पाठवला. प्रतिज्ञापत्रात मी खोटं लिहिलंय हेही लिहिलं. निलेशने बघितलं, सायकल काढून कामावर गेला. मला स्टेशनपर्यंत सोडायला आला नाही. नेहमी येतो.

गाडीची वाट बघताना वकिलाचं उत्तर आलं. खूप उपयोग होईल म्हणतो. नातेवाइकाचं पूर्ण नाव, पत्ता, कंपनी, फोन ताबडतोब कळवा. आज संध्याकाळी त्यांना फोन करतो.

पत्ता तोंडपाठ आहे. फलाटावर बसून लिहिला, इमारत, मजला, सगळं. स्पेलिंग तपासलं, सवयच ती. पाठवला.

आता वैशूला माझ्याकडून कळायला हवं, वकिलाच्या आधी. गाडीत लावते म्हटलं. नागोठणं गेलं, कासू गेलं. माणसं होती आजूबाजूला, हे कारण.

घरी येऊन तासभर झाला. हे दोनदा विचारून गेले, कुठे होतीस. पाच वाजायला आलेत. मंदा सुटेल का, ते वकीलही छातीठोक सांगत नाही. वैशूचा नंबर काढून ठेवलाय. तिने फोन उचलला की पहिलं वाक्य काय बोलायचं, ते लिहून बघावं म्हणून वही उघडली होती.

वैशू, मी