तांदळाच्या डब्यातली चक्री

बाबा, कॅमेऱ्याचा एक रोल घरी धुवायला खरं काय लागतं ते आधी सांगतो. नागपूरहून मागवलेली औषधं मी धरतच नाही. एक दुपारभर बंद ठेवलेली कोठीची खोली, फ्रिजमधला सगळा बर्फ, तुमच्या सुनेचं दूध मोजायचं माप (ते ती आता दुधाला लावणार नाही), दाराच्या फटीत कोंबलेली नवी चादर आणि एक पेटी आंबे. आंब्यांचं पुढे येईल. पण रोल धुतला. ब्लॅक अँड व्हाइट, तुमच्याच त्या डब्याएवढ्या टाकीत, आणि मला कोणी काही शिकवलेलं नसताना.

तुम्ही तर नाहीच शिकवलं. पुढच्या खोलीत स्टुडिओ, मागे धान्याची कोठी, तीच तुमची डार्करूम, मध्ये एक दार. दाराच्या आत तुम्ही आणि माझी धाकटी बहीण, बाहेर काउंटरवर मी, चांगला मिशा फुटलेला. एकदा धीर करून म्हणालो, "बाबा, आज मी येतो आत." तुम्ही टाकी पुसत होता. वर बघितलंही नाही. "तू काउंटर पाय. तुह्यं तोंड चालते, इचा हात चालते." झालं. त्या तोंडावर मी पुढे बालाघाटात स्वतःचं दुकान उभं केलं, किरनापूरपासून तिरोडीपर्यंत लोक लग्नाच्या व्हिडिओला मलाच बोलावतात, वरातीवर माझा ड्रोन फिरतो. तरी ते वाक्य अजून घशाखाली उतरलेलं नाही. टाकीचं झाकण बसलं की उजेड चालतो, एवढं मलाही कळत होतं. तेव्हाही तुम्ही दार उघडत नव्हता. म्हणायचात, ऊन आत येते, पाणी तापते.

मग मी कान लावले. आजही डोळे मिटले की ऐकू येतं. माठात ओगराळं बुडतंय. माठाचं पाणी, नळाचं पाणी, पुन्हा थोडं माठाचं; तुम्ही मनगट बुडवून बघत असणार. टाकी उलटी होते, सुलटी होते, आत औषध गुळगुळतं, मग ओट्यावर टकटक, फिल्मला चिकटलेले बुडबुडे सुटावेत म्हणून. मग शांत. मग पुन्हा. तुम्ही ओठातल्या ओठात मोजता, ती मोठ्याने. ओतल्याचा आवाज येतो, व्हिनेगरचा वास येतो, शेवटी चित्र पक्कं करणारा हायपो. एका उन्हाळ्यात सगळं पाठ झालं. एक आवाज मात्र कळत नव्हता. दार लागलं की सगळ्यात आधी पत्र्याच्या डब्याचं झाकण उघडायचं. मला वाटायचं, तुम्ही तिला आत मुरमुरे खाऊ घालता. इकडे आई ओरडायची, "भाताले औषधाचा वास येऊन राह्यला!" तेही ऐकलं मी, पण दोन्ही जोडलं नाही. माझं सगळं लक्ष जळण्यात होतं.

या उन्हाळ्यात धाकटीची पोरगी गळ्यात जुना कॅमेरा घालून आली. नागपूरला शिकते, मराठी कमी, हिंदी जास्त. "मामा, रोल घर पे धुल जाएगा क्या? वहाँ बोलते हैं, दिल्ली भेजो." मी म्हटलं, "दिल्ली कायले? तुझ्या आजोबांच्या दाराबाहेर उभा राहून शिकलो मी. न बघता!" ती म्हणाली, "और मम्मी? मम्मी को आता है?" मी म्हटलं, "तुझ्या मम्मीचं लग्न लवकर झालं." उत्तर खोटं नव्हतं.

ती रोल ठेवून परत गेली आणि मी एका वाया गेलेल्या फिल्मवर हात साफ करायला बसलो. कोठीत अंधार केला. टाकीतल्या खाचांच्या चक्रीवर फिल्म चढवायची, बस. थोडी जायची, अडायची, दुमडायची. घामाने हात ओले. चढवण्याला आवाजच नसतो, बाबा. म्हणून ते दाराबाहेर कधी आलंच नव्हतं. शेवटी लांजीला, धाकटीच्या सासरी, फोन लावला. म्हटलं, आंबे आलेत, येऊन जा. दुसऱ्या दिवशी धाकटी बसमधून उतरून घरी आली, ओट्यावरची टाकी बघितली आणि पिशवी खाली न ठेवताच म्हणाली, "आंबे कुठी हायेत, दादा?"

मलाच बाजारात पळावं लागलं. पेटी घेऊन आलो तोवर तिने चक्री रुमालात बांधून तांदळाच्या डब्यात पुरली होती. "वल राह्यली का फिल्म अडते, तांदूळ वल ओढते. बाबा हमेशा ठेवत. तुले माईत नाही?" म्हणजे मुरमुरे नव्हतेच. तिने बांगड्या काढून माझ्या हातात दिल्या आणि पोरीचा रोल घेऊन आत गेली. मी साठीचा माणूस, पुन्हा त्याच दाराबाहेर, हातात बहिणीच्या बांगड्या. कान लावले. काहीच नाही. मग तिचा आवाज, "झालं. ये ना आत."

पुढचं मी केलं, सगळं कानाच्या भरवशावर, आणि ती बघत राहिली. टाकी उलटी करता करता विचारलं, "बाबा आत काय बोलायचे गं?"

"काई नाही. तुलेच आयकत. गिऱ्हाईक आलं का मले म्हणत, चूप, आयक, आता कसा गुंडाळते पाय त्याले. अन् हासत."

हसायचात! तेव्हा माझे कान माझ्याच तोंडाने बंद असणार. आयुष्यात एकदा माझं कौतुक केलंत, तेही तिच्याजवळ ठेवलंत. आता मला सांगा, मी जळू नको तर काय करू?

निगेटिव्ह स्वच्छ आले. व्हिडिओ कॉलवर खिडकीशी धरून भाचीला दाखवले. "मामा, मान गए!" ती ओरडली. धाकटी फोनच्या चौकटीबाहेर आंबा चोखत बसली होती. शाबासकी सगळी मीच घेतली.

हे पत्र लांजीला जाणार नाही आणि तुम्ही गेलात तिथवर तर नाहीच, म्हणून लिहून टाकतो. फिल्म चक्रीवर तिने चढवली.