बाहेरचे दिवस

९ एप्रिल, बुध. ब्रॅकनेल
मॅनेजरने पंधरा मिनिटांचा कॉल लावला, सातव्या मिनिटाला संपवला. माझी पोस्ट रद्द. नोटीस ३० पर्यंत. व्हिसा याच नोकरीवर, नवऱ्याचाही माझ्या शेपटाला. नंतर होम ऑफिसचं, म्हणजे व्हिसावाल्या खात्याचं पत्र, मग साठ दिवस. दुसरी नोकरी, नाहीतर पुणे. यूकेत पर्मनंट राहायची परवानगी मिळायला सात महिने उरलेत.
रडू येईल म्हणून बाथरूममध्ये जाऊन बसले. आलं नाही.
पत्र प्रिंट करून कागदपत्रांच्या फाइलीत तळाशी, पासपोर्टांच्या खाली घातलं. मंदारला ट्रिपनंतर सांगेन. दोन वर्षं टर्की टर्की करतोय बिचारा.

१२ एप्रिल, शनि.
हीथ्रो. मं.ने पासपोर्ट काल स्वतःच काढून ठेवलेले. नवलच.
विमानात त्याची ती एक्सेल. यूकेबाहेर काढलेला दिवस अन् दिवस त्यात आहे, पर्मनंटच्या फॉर्मसाठी. दादाचं लग्न, बाबांची बायपास, सगळं दिवसांच्या हिशेबात. म्हणाला, "जायचा-यायचा दिवस धरत नाहीत. म्हणजे ही ट्रिप चारच." मी हो म्हटलं.

१४ एप्रिल, सोम. दोउबयाझीत, पूर्व टर्की
पाशाचा महाल. डोंगराच्या कडेला, लांबवर अरारात पर्वताचा बर्फ. तीन पिढ्या बांधत होत्या म्हणे. राहिले किती, ते गाइडने सांगितलं नाही. मूळचे दरवाजे रशियन सैन्याने नेले. काही खोल्यांवर आता काचेचं छप्पर. भिंतीतून गरम हवा फिरवायची सोय होती. मं. : "बघ, आपल्या फ्लॅटपेक्षा हीटिंग बरं!"
हसले. आवाज आला, बाकी काही नाही. नक्षी सुंदर आहे हे कळत होतं. वाटत काही नव्हतं.

१५ एप्रिल, मंगळ.
महालाच्या वर एका संताची कबर. बायका काही मागत होत्या. मं. म्हणजे देवळाबाहेर चपला राखणारा माणूस. इथे पाच मिनिटं डोळे मिटून.
"काय मागितलंस?"
"सांगायचं नसतं, बाई."
मग इराणच्या हद्दीजवळ उल्केचा म्हणून दाखवतात तो खड्डा. डोकावले. खड्डा.
तिथेच सांगणार होते. चहा आला, राहिलं.

१७ एप्रिल, गुरु.
परत. हीथ्रोला काउंटरवरच्या बाईने विचारलं, काम कुठे करता? कंपनीचं नाव सांगितलं. खोटं नाही, ३० पर्यंत. मं.ने हात धरला होता. असल्या रांगेत कधी धरत नाही.

१८ एप्रिल, शुक्र.
सुट्टी. मं. दूध आणायला गेला. ट्रिपचे दिवस भरावेत म्हणून एक्सेल उघडली. भरलेले होते. खाली आणखी एक ओळ:
"नेहाची नोटीस ३० एप्रिल. साठ दिवस धरले तर २९ जून."
ओळ घातल्याची तारीख ११. निघायच्या आदला दिवस. पासपोर्ट काढले तेव्हा.
म्हणजे महालात त्याला माहीत होतं. कबरीपाशी, काउंटरवर, सगळीकडे. आणि मी त्याला सांभाळत होते म्हणे!
इतर ओळींपुढे शेरा आहे. या ओळीपुढे रकाना मोकळा.
नऊ दिवसांनी पहिल्यांदा रडले.
दार वाजलं. "चहा टाकू?"
"टाक," म्हटलं. लॅपटॉप मिटला नाही. त्याच्या खुर्चीकडे वळवून ठेवलाय.